बिनटाक्याचं जेवण

बाळंतिणीचं पोट बघून मी तिची गल्ली सांगू शकते. यात जादू काही नाही. जन्मभर मी तेच काम केलं. सकाळी उचगावातून निघायचं, कोल्हापुरात घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा आणि दुपारी घरी येऊन आपल्या घरची भांडी घासायची. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण बायकांच्या पोटावर झालं.

आमची बौद्ध वस्ती. आमच्या गल्लीत दोन-तीन लेकरांच्या बाईला बेंबीखाली एक गाठ असते. ऑपरेशनची. तेल लावताना माझा अंगठा तिथं आला की आपोआप वळसा घेतो. मंगळवार पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या सुनांना ही गाठ फार कमी. त्यांच्याकडं तांबी बसवतात, नाहीतर गोळ्या, आणि सगळं डॉक्टरीणबाईंना विचारून. आमच्या मागची गल्ली मुसलमानांची. तिथंही गाठ क्वचितच. तिथं गोळ्या किंवा तीन महिन्यांचं इंजेक्शन, आणि त्यातून राहिलं तर राहिलं. सगळ्याच घरांत असंच असतं असं मी म्हणत नाही. पण माझ्या अंगठ्याला जे लागलं ते मी सांगते.

आणि पोट खाली करणं, म्हणजे राहिलेलं पाडणं म्हणाल, तर ते सगळीकडं. फरक एवढाच की कोण कुठं जातं आणि किती उशिरा जातं. पेठेतली बाई रिक्षात बसून ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडं जाते, संध्याकाळी घरी येते, आणि घरात ‘पिशवी साफ केली’ एवढंच बोलतात. आमच्याकडची बाई आधी कुणाला सांगत नाही. मग नवऱ्याला मेडिकलमधून गोळ्या आणायला लावते, आणि रक्त थांबेना झालं की सरकारी दवाखान्यात धावते. माझ्या धाकट्या जावेला एका दवाखान्यात सांगितलं होतं, खाली करून देतो, पण ऑपरेशन बरोबरच करून घ्यायचं. ती पोरसवदाच होती. तिनं मान हलवली. पेठेतल्या एकाही बाईला कुणी असं सांगितल्याचं मी ऐकलं नाही. शिवाय पैसेवाल्या घरात दुसऱ्या वेळेला बहुतेक मुलगाच कसा होतो, हेही मी कधी विचारलं नाही. तेल लावणाऱ्या बाईनं असलं विचारलं तर दुसऱ्या दिवसापासून तेल दुसरी लावते. आमच्या गल्लीत मुली रग्गड आहेत. शाळा सुटली की रस्ता भरतो.

पण मी रडगाणं सांगायला बसलेली नाही. मला जेवणाचं सांगायचं आहे.

आमच्या गल्लीत टाक्याचं जेवण म्हणून एक प्रकार आहे. बाईचं ऑपरेशन झालं की आठ दिवस तिनं उठायचं नाही. पाणी भरायचं नाही, धुणं धुवायचं नाही, वाकायचं नाही. आठ दिवसांनी टाके निघाले की माहेरच्यांनी गल्लीतल्या बायकांना मटणाचं जेवण घालायचं. गड्यांना बोलवायचं नाही. सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं टाका बघायचा, ‘जखम सुकली’ असं मोठ्यानं म्हणायचं, मग ताटं वाढायची. दुसऱ्या दिवशी बाई परत कामाला. ऑपरेशनला आमच्या बायका लगेच तयार होतात याचं एक कारण हे जेवण आहे, असं माझं मत आहे. जन्मात एवढीच आठ दिवसांची हक्काची सुट्टी. गेली काही वर्षं ती म्हातारी मीच आहे, आणि पहिलं ताट माझं असतं.

तर माझी नात, लेकाची लेक, दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं सासर नेसरीला. नवरा इकडं फाउंड्रीत कामाला, म्हणून दोघं एमआयडीसीजवळ खोली घेऊन राहतात आणि सुट्टी पडली की नेसरीला जातात. ती स्वतः एका कारखान्यात पॅकिंगला जाते. बारावी झालेली, बोलायला तिखट. पहिली मुलगी होती, ही दुसरीही मुलगीच झाली. मुलगी छान काळीसावळी, रडायला खणखणीत. मला आवडली.

महिना व्हायच्या आत दवाखान्याची सिस्टर आली. वर्षानुवर्षं आमच्या गल्लीला तीच येते. चांगली बाई आहे. दारातूनच म्हणाली, “दुसरी पण मुलगीच ना? बरं. मग ऑपरेशन कधी धरायचं? पुढच्या आठवड्यात कॅम्प आहे. बुधवार नाहीतर गुरुवार.”

माझी सून, म्हणजे नातीची आई, चुलीपुढनं म्हणाली, “धरा की. बुधवार धरा.”

मी म्हटलं, “बुधवार नको. बुधवारी माझं पेठेत न्हाणं असतंय. गुरुवार धरा.”

“गुरुवार,” सिस्टर म्हणाली, आणि पुढच्या दारात गेली.

नात खाटेवर बसून लेकराला पाजत होती.  तिला कुणी काही विचारलं नाही.

सुनेनं त्याच संध्याकाळी गल्लीत सांगून टाकलं. गुरुवारी ऑपरेशन, त्याच्या पुढच्या शुक्रवारी टाक्याचं जेवण. मटण मागच्या गल्लीतल्या भाभीच्या भावाकडून आणायचं ठरलं. भाभी म्हणजे शिवणकाम करणारी मुसलमान बाई. वयानं माझ्या लेकीएवढी, पण सगळी वस्ती तिला भाभीच म्हणते. तिला जेवायला बोलवायचं, म्हणून मटण तिच्याच माणसाकडचं. त्यात कुणाची तक्रार नसते.

पुढच्या बुधवारी मी पेठेत गेले. तिथं एका लिंगायताच्या घरी माझं काम चालू होतं. घर मसाल्याच्या व्यापाऱ्याचं. त्या घरात माझा मान बरा आहे. पूर्वी तिथं मला चहा वेगळ्या कपात मिळायचा. पोर माझ्या पायांवर, तेल माझ्या हाताचं, कप तेवढा वेगळा. एक दिवस मीच म्हटलं, कप एवढा जपताय तर पोर कशाला देताय माझ्याकडं? तेव्हापासून सगळ्यांसारखा कप.

त्या घरच्या सुनेलाही दुसरी मुलगीच झाली होती, माझ्या नातीच्या मागंपुढंच. वयही तेच. तिची सासू निपाणीकडची, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलते. सून तिला अव्वा म्हणते. मी लेकराला पायावर घेऊन तेल लावत होते आणि अव्वा दारात बसून लसूण सोलत होत्या.

“डॉक्टरीणबाईंकडं गेलतो काल,” अव्वा म्हणाल्या. “हिच्यापुढं त्यांनी एक ताट मांडलं बघा. वाण मांडतात तसं. त्यात तांबी, गोळ्याचं पाकीट, इंजेक्शन, आणि ते गड्याचं असतंय की, ते. एक एक उचलून दावलं. ह्याचं हे, त्याचं ते. आन म्हणाल्या, घरी जावा, इचार करा, मग सांगा.”

“मग ठरलं काय?” मी सुनेला विचारलं.

“नाही अजून,” सून म्हणाली. “विचार करतेय.”

“साडी घेताना एवढा येळ लागत न्हाई हिला,” अव्वा म्हणाल्या.

“साडी आवडली नाही तर परत करता येते, अव्वा.”

सून हसली, अव्वा हसल्या, मीही हसले. मला त्या ताटाची मोठी गंमत वाटली.

घरी आले आणि हीच गंमत नातीला सांगितली. वाणासारखं ताट काय, साडी काय. माझी सून हसली. नात मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

“तिला ताट दावलं,” ती म्हणाली. “आन मला तारीख?”

“म्हंजे?”

“म्हंजे काय? तिला बी दोन पोरी, मला बी दोन पोरी. तिला म्हंतात इचार कर, आन मला म्हंतात गुरुवारी ये.”

“ती खाजगी डॉक्टरीण हाय बाई. पैसं घेती,” मी म्हटलं.

“इचारायला पैसं पडतात व्हय?”

 मी जे सगळ्या बायकांना सांगते तेच सांगितलं. “ऑपरेशन झालं की सुटतीस.”

“कशातनं?”

“तिसरं पायजे व्हय तुला?”

“न्हाई पायजे.”

“मग झालं तर.”

“आता न्हाई पायजे, आज्जे. मी तेवीसची हाय. तिसाव्या वर्साला मला काय पायजे, ते आज कसं सांगू? तुला ठावं हाय व्हय पुढच्या आठवड्यात कसली भाजी करणार ते?”

“मेथी,” मी म्हटलं. आमच्याकडं त्या दिवसांत रोज मेथीच असायची.

सून मधे पडली. “सगळ्या करत्यात, तू बी कर. ह्यात काय एवढं इचारायचं?”

“मग त्यांचंच करा की,” नात म्हणाली. म्हणजे नवऱ्याचं. “गड्याचं लई सोपं असतंय म्हंतात. सुट्टी त्यांना, मटण मला.”

“गड्याचं?” सुनेचा हात तोंडावर गेला. “त्याला कामावर जायचं असतंय गं!”

“आन मी काय लोळत पडतो?”

नातजावयाला फोन लावला. माणूस वाईट नाही, पण ज्याचा आवाज जवळ त्याच्या बाजूचा. नातीजवळ असला की ‘तू म्हंशील तसं’, आईजवळ असला की ‘आई म्हंशील तसं’. त्या दिवशी तो नेमका नेसरीला होता. पलीकडून फोन त्याच्या आईनं ओढून घेतला.

विहीणबाईंचं म्हणणं तिसरंच. “ऑपरेशन केलंसा तर बघा,” त्या ओरडल्या. “पोराला पोरगा न्हाई अजून. पुढच्या वर्साला आणखी एक बघूया. मी पुढच्या शुक्रवारी येतो, तवर थांबा.”

फोन बंद करून नात म्हणाली, “सिस्टर म्हंती आत्ताच संपव. सासू म्हंती आत्ताच परत चालू कर. माझं आपलं एकच म्हणणं हाय, जरा थांबा. ते कुणाच्या कानात शिरत न्हाई.”

मी तेव्हाही म्हणत होते की ऑपरेशन बरं. आजही दुसऱ्या कुणी विचारलं तर मी तेच सांगेन, मला त्यात काही वाईट दिसलं नाही. पण नातीचं पोट नातीचं. गुरुवारी मी तिच्याबरोबर गेले. रिक्षा ठरवली, येताना तिला आडवं होऊन यावं लागेल म्हणून. चादर घेतली, थर्मासमध्ये चहा घेतला, खाली दुमडून ठेवायला जुनं लुगडं घेतलं. लेकराला आणि नातीच्या थोरल्या मुलीला सुनेजवळ ठेवलं.

दवाखान्यात बायका व्हरांड्यात ओळीनं बसल्या होत्या. बहुतेक ओळखीचे चेहरे. आमच्या गल्लीच्या, शेजारच्या वस्तीच्या, वीटभट्टीवरच्या. सिस्टर लगबगीनं आली.

“आलीस का? उपाशीपोटी आहेस ना?”

“जेवून आलोय,” नात म्हणाली.

“अगं, सांगितलं होतं ना!”

“सिस्टर, आधी ते ताट दावा.”

“कसलं ताट?”

नातीनं पेठेतलं सगळं सांगितलं. सिस्टर आधी वैतागली, मग हसायला लागली. कपाट उघडलं आणि एक-एक काढून टेबलावर ठेवलं. तांबी, गोळ्या, इंजेक्शनची बाटली, निरोधची पाकिटं. ताट नव्हतं, म्हणून कागद अंथरला.

“सगळं आहे गं इथं. फुकट आहे. तुमच्या गल्लीतून कुणी मागतच नाही.”

“दावल्याबिगर मागणार कसं?”

“मी दारात आले की तुमच्या बायका आधी तारीख विचारतात. मग जेवण कधी ते ठरवतात. मावशी, खरं सांगा, तुम्हीच नाही का म्हणालात, बुधवार नको, गुरुवार धरा?”

म्हणाले होते. मी थर्मासचं झाकण उघडून चहा प्यायले.

“आन त्या नव्या बिल्डिंगीतल्या बायकांना काय इचारता?” नात सोडायला तयार नव्हती.

“त्या दारच उघडत नाहीत. आतूनच सांगतात, आमचे डॉक्टर आहेत,” सिस्टर म्हणाली. मग तीच पुढं म्हणाली, “खरं सांगू? वरून मला विचारतात ते ऑपरेशनचंच. मग मीही तेच विचारते.”

आत डॉक्टर बसली होती, नातीपेक्षा फार मोठी नसेल. तिनं नीट सांगितलं. तांबी बरीच वर्षं चालते, मधे वाटलं तर काढता येते, पहिले दोन-तीन महिने पाळी जास्त जाईल, पोटात दुखेल, फार दुखलं तर लगेच यायचं. शेवटी म्हणाली, “विचार करायला वेळ पाहिजे का?”

नात एकदम लाजली. लग्नात लाजली नव्हती तेवढी. “इचार करूनच आलोय,” म्हणाली.

मी बाहेर बसले. चहा गार व्हायच्या आत ती चालत बाहेर आली.

“काय गं?”

“झालं.”

“झालं? एवढंच?”

मला फसवल्यासारखं वाटलं. चादर, लुगडं, रिक्षा, सगळं वाया. येताना दोघी रिक्षात ताठ बसलो, वाटेत थांबून भेळ खाल्ली, आणि तिनं मिरची जास्त मागितली.

आता प्रश्न राहिला जेवणाचा. मी म्हटलं, नको घालूया. सून म्हणाली, “सांगितल्यालं जेवण मागं घेतलं तर गल्ली मला जगू देईल व्हय?” आणि तिनं कुणाला काही सांगितलं नाही. तिला वाटलं बायका येतील, जेवतील, जातील. टाका बघायचा असतो हे ती घाईत विसरली.

शुक्रवारी बायका आल्या. दारात चपलांचा ढीग. भाभीनं शेवयांची खीर आणली होती. आत तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, सगळं तयार. नात पाटावर बसली होती, मांडीवर लेकरू. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला वास येत होता आणि भूक लागली होती. मी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, “टाके न्हाईत. तांबी हाय. बसा जेवायला.”



“म्हंजे ऑपरेशन न्हाई?” समोरच्या घरची बाई म्हणाली. तिला तीन लेकरं, गाठ मोठी आहे तिची.

“न्हाई.”

“मग आठ दिवस ही आत का बसलिया?”

“सव्वा महिना चाललाय तिचा. बाळंतीण हाय. बसू दे की,” मी म्हटलं.

“तांबीला सुट्टी किती?”

“एक दिस बी न्हाई,” नात म्हणाली. “दुसऱ्या दिवशी कामाला जाता येतंय.”

“मग काय उपयोग तिचा!” समोरची म्हणाली, आणि सगळ्या फुटल्या. हसून हसून एकीनं लेकरू दुसरीच्या मांडीत दिलं.

त्यानंतर कुणी गप्प बसेना. सून वाढत होती आणि बायका विचारत होत्या. तांबीला दोरा असतो म्हणे, तो दिसतो काय? गंजती काय? एकीनं अगदी हळू विचारलं, “आन मालकांना टोचत न्हाई व्हय?” नात म्हणाली, “टोचलं तर टोचू दे. मला दोन डाव टोचलंय.” भाभीचा घास अडकला, पाठीत धपाटे घालावे लागले.

घोटभर पाणी पिऊन भाभी म्हणाली, “आमच्यात ऑपरेशन म्हटलं की सासू म्हंती, कबरीत काय जाब देशील? गोळीचा जाब कुणी मागत न्हाई. पर गोळी ध्यानात ठेवाय पायजे की. माझी चार हायत, त्यातली दोन म्हंजे इसरल्याली गोळी.”

“थोरली का धाकटी?” कुणीतरी विचारलं.

“सांगतो व्हय! ऐकल्यावर त्या दोघी जेवणार न्हाईत.”

एवढ्यात दारात विहीणबाई. नेसरीची एसटी उशिरा आली होती. त्यांनी चपलांचा ढीग पाहिला, मटणाचा वास घेतला, आणि टाक्याचं जेवण चाललंय एवढंच त्यांना कळलं. हातातली पिशवी त्यांनी उंबऱ्यावर टाकली, पदर तोंडाला लावला.

“कापलंसा की वो माझ्या सुनंला! थांबा म्हणून सांगितलं हुतं न्हवं मी?”

“कापलेलं काय न्हाई, विहीणबाई,” मी म्हटलं. “पाय धुवा आन बसा.”

“ऑपरेशन न्हाई?”

“न्हाई.”

पदर खाली आला. पाय धुतले, बसल्या, लेकराला मांडीवर घेतलं, त्याच्या कपाळाला बोट लावलं. पांढरा रस्सा दोन वेळा घेतला. बायका एकमेकींकडं बघत होत्या, सांगणार कोण म्हणून. मी सांगणार नव्हते. माझं पोट नव्हतं ते.

तिसऱ्या वाटीला विहीणबाई खुशीत म्हणाल्या, “मग पुढच्या वर्साला पोरगा हुईल बघ.”

“पुढच्या वर्साला न्हाई, आत्या,” नात म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते. “तांबी बसवलिया. लई वर्सं चालती.”

वाटी वाटेतच थांबली.

“कुणाला इचारून?”

“मला.”

 मला वाटलं आता पिशवी उचलून ही बाई चालायला लागणार, आणि नातीला सासर तुटणार. नातीनं मान खाली घातली नाही.

“आन काढायची कवा?” विहीणबाईंनी विचारलं.

“काढायची झाली तर मीच सांगीन. न्हाई काढावी वाटली तर ते बी मीच सांगीन. तवा पोरगा होईल का पोरगी, ते मात्र मला बी सांगता येणार न्हाई.”

विहीणबाईंनी वाटी खाली ठेवली. मग परत उचलली. मटण चांगलं झालं होतं. परतीची शेवटची एसटी गेली म्हणून रात्री त्या आमच्याकडंच राहिल्या. भिंतीकडं तोंड करून झोपल्या.

सकाळी मी नातीला तेल लावायला घेतलं. सव्वा महिन्यातलं शेवटचं. विहीणबाई कडेला बसून बघत होत्या. माझा अंगठा बेंबीखाली आला आणि सवयीनं वळसा घेतला. तिथं काही नव्हतंच. सरळ खाली गेला. मी परत वर आणला, परत सरळ गेला. आमच्या गल्लीत दोन लेकरांच्या बाईचं पोट असं मोकळं मला लागलं नव्हतं. बरं वाटलं हाताला.

नात उठून न्हायला गेली. विहीणबाई जागेवरच बसून होत्या.

“मला बी लावा जरा,” त्या म्हणाल्या. “गुडघ्याला.”

गुडघ्याला लावलं. मग त्यांनीच लुगडं सैल केलं आणि आडव्या झाल्या. पोटावर हात ठेवला तर गाठ. सुपारीएवढी, कडक, एका अंगाला ओढलेली. पाचव्या लेकरानंतरची. आमच्या वेळचे कॅम्प शाळेच्या वर्गात व्हायचे, बाकं बाजूला सारून.

“दुखतंय?” मी विचारलं.

“वाकलं की.”

“कवापासनं?”

“केल्यापासनं.”

“कुणाला दावलं न्हाई?”

“कुणी इचारलं न्हाई.”

मी तेल जरा कोमट केलं आणि गाठीभोवती बराच वेळ हात फिरवला. गाठ काही जात नाही, पण कातडी सैल होते. न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता आणि नात लेकराला काहीबाही बोलत होती. विहीणबाई वर पत्र्याकडं बघत म्हणाल्या, “आमच्या मालकांस्नी सांगू नका. त्यांस्नी मी सांगतो, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून. सुनेच्या अंगात रगात कमी हाय, तवा लांबवलंय.”

सव्वा महिना सरला म्हणून दुपारी नात विहीणबाईंबरोबर आपल्या खोलीवर जायला निघाली. जाताना तिला हे कळलं, तेव्हा ती चिडली. “रगत चांगलं हाय माझं! खोटं कशाला सांगायचं?”

मी तिला बाजूला घेतलं. “तांबी आत हाय न्हवं? मग भाईर कुणी काय बोलायचं ते बोलू दे.”

ती हसली. रिक्षात बसताना मोठी मुलगी तिच्या मांडीवर, लहान विहीणबाईंच्या. विहीणबाईंनी माझ्याकडून तेलाची बाटली मागून घेतली होती, ती पिशवीत वर दिसत होती.

आता नात परत कामाला लागली आहे. तिचा फोन येतो. परवा म्हणाली, “आज्जे, आत्या दर आठवड्याला फोन करून इचारत्यात, बरी हाय का तांबी म्हणून.”

“आन काढायचं?”

“ते इचारत न्हाईत अजून.”

“इचारतील.”

“इचारू देत की. मी हाय की सांगायला,” ती म्हणाली, आणि फोन ठेवून जेवायच्या सुट्टीतून परत आत गेली.

सिस्टर मागच्या आठवड्यात गल्लीत आली होती. समोरच्या बाईच्या लेकीला तिसरा महिना लागलाय, दुसऱ्या वेळेचा. सिस्टरनं तोंड उघडायच्या आत समोरची बाई उंबऱ्यावर येऊन म्हणाली, “ताट आणलंसा काय वो सिस्टर?” सिस्टरनं पिशवीतून कागद काढला, आमच्या ओट्यावर अंथरला आणि त्यावर तांबी, गोळ्या, सगळं मांडलं. बायका जमल्या. मीही चष्मा लावून बघितलं. मग समोरच्या बाईनं मला विचारलं की तांबी बसवली तरी जेवण घालावं लागतं का. मी म्हटलं, लागतं. सुट्टी देणार असाल तर सुट्टीही द्या. पण पहिलं ताट माझंच, टाका असो नसो.